शिळा माग

दिवसा एकशे सहा. रात्रीचे साडेअकरा झाले
तरी ट्रकच्या टपावर हात ठेववत नाही.
सत्तेचाळीस दिवस आभाळाने थेंब सोडलेला नाही.
सॉल्टलिक क्रीकचा गोट्यांचा रस्ता झालाय,
मधूनच एखादं डबकं, हिरवं, बुळबुळीत.

"आज नको," वर्ना म्हणाली,
"ते जनावर उगाच तापेल. आणि तुम्हीही."
खरंच होतं तिचं.
पण घरातला पंखा गरम हवा नुसती इकडची तिकडे करतो,
आणि डचेस जाळीच्या दाराशी बसून
तासभर माझ्या बुटांकडे बघत होती.

बंदूक घेतली नाही. ओक्लाहोमात ऑगस्टमध्ये
आम्ही नुसतं ऐकायला जातो.
परक्या माणसाला हे पटत नाही.
अंधारात ट्रकच्या फळीवर बसायचं,
थर्मासमधली कडू कॉफी, डास,
आणि कुत्रीच्या गळ्यावरून ओळखायचं
रॅकून किती पुढे आहे, ओढ्याच्या अल्याड की पल्याड.
लांब हेल काढला, तर माग लागला.
तुटक, घाईचा, कुऱ्हाडीचे घाव पडावेत तसा आवाज आला,
तर तो झाडावर आणि ती बुंध्याला पंजे लावून उभी.

पण वासालाही ओल लागते.
दवातल्या गवतात एका पावलाचा वास
उजाडेपर्यंत मुक्कामाला राहतो.
या फुफाट्यात तो टिकतच नाही.
डचेस अर्धा मैल नाक जमिनीला घासत गेली,
शिंकली, परतली, पुन्हा गेली.
कुणीतरी पान पुसून ठेवावं
आणि आपण कोऱ्या रेघांवरून बोट फिरवत राहावं,
तसं.

मग ती वाळक्या मक्यात दिसेनाशी झाली.

टोबिन बरोबर होता, शेजारच्या रीव्हिसचा पोरगा,
चौदाचा, कोपरं नि गुडघेच सगळे.
"लागला!" तो म्हणाला.
मला रातकिडेही ऐकू येत नव्हते.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी उभा होतो,
उजवा कान तिथेच राहिला. डावा आता त्याला शोधायला निघालाय.
"ऐकलंत ना, ऑन्सल?"
"ऐकलं की."

पोराने माझ्याकडे पाहिलं नाही.
कॉफीचं झाकण फिरवत, सहज सांगावं तसं,
तो बोलायला लागला:
"एक हेल... मोठा. आता गप्प.
आता पुन्हा, पण अर्धाच. शिळा माग आहे.
चुकला. नाही, नाही, पेकनच्या राईकडे वळली.
आता गप्प.
अजून गप्प."

किती वेळ गेला कोण जाणे. गप्प तर मलाही ऐकू येतं.
शेवटी बॅटरी घेऊन आम्ही उतरलो.

डबक्यात पोटापर्यंत बसली होती ती,
जीभ बाहेर, डोळे मिटलेले.
आणि समोर, सात-आठ हातांवर,
रॅकूनची मादी, मागे दोन पिल्लं,
दोन्ही हात चिखलात कोपरापर्यंत घालून
खेकडे चाचपत होती. बघत आमच्याकडे होती.
हात मात्र आपलं काम करत होते,
वर्ना अंधारात उशाखालचा चष्मा शोधते तसे.

टोबिनचा श्वास अडकला.
मी वाकून डचेसच्या बरगड्यांवर हात ठेवला.
भट्टी होती नुसती.

मादीने पिल्लांना पुढे घातलं
आणि सिकॅमोरवर चढली, सावकाश,
भाडं भरलेल्या भाडेकरूसारखी.
तेव्हा डचेसने मान वर केली
आणि एकदाच,
माझ्या तळहाताखाली तिचा अख्खा पिंजरा हलला,
मनगटातून, कोपरातून वर आलं काहीतरी,
दातांपर्यंत.

"हा ऐकलात?" टोबिनने विचारलं.

तिच्या तळव्यांची सालं निघाली होती.
मी शर्ट फाडून चारी पाय बांधले,
आणि पोराने तिला खांद्यावर घेतलं.
शिडीपाशी वर्ना दिवा लावून उभी असणार,
काहीतरी बोलत असणार.